फी भरण्याआधी चेहरे मोजा

पंधरा दिवसांचा असो की सहा महिन्यांचा, मेकअपचा प्रत्येक कोर्स हल्ली ‘प्रोफेशनल’च असतो. त्याच्या वर ‘अ‍ॅडव्हान्स’, त्याच्याही वर ‘मास्टरक्लास’. फी काही हजारांपासून सुरू होते आणि दीड-दोन लाखांपर्यंत सहज पोचते. बारावीचा निकाल लागला की अशी रंगीत माहितीपत्रकं घेऊन आईवडील माझ्याकडे येतात आणि विचारतात, यातला चांगला क्लास कोणता? वडिलांचं बोट ‘शंभर टक्के प्लेसमेंट’वर असतं, आईचं फीच्या आकड्यावर. मुलीने मनातल्या मनात नाव कधीच पक्कं केलेलं असतं, कारण तिथल्या मॅडमची रील्स ती कितीतरी दिवस पाहत आलेली असते.

क्लासच्या नावापासून सुरुवात केली की पुढचं सगळं गणित बिनसतं. आधी एवढं ध्यानात घ्यावं की आपल्याकडे मेकअप आर्टिस्ट म्हणून काम करायला कुठलाही सरकारी परवाना लागत नाही. डॉक्टर, वकील किंवा औषधविक्रेता यांची नोंदणी असते, तसा इथे काही प्रकार नाही. कोर्स न करता कुणी उद्यापासून पैसे घेऊन नवऱ्या सजवू लागलं तर ते बेकायदा ठरत नाही. तितक्याच सहजपणे कुणीही उद्यापासून अकादमी उघडू शकतं. उघडतातही. चार वर्षं ब्राइडल केलेल्या आर्टिस्टला हंगाम मंदावल्यावर विद्यार्थी घेणं परवडतं. तिचं काम उत्तम असेलही, पण शिकवणं ही वेगळी कला आहे आणि ती रीलवर दिसत नाही.

म्हणून प्रमाणपत्र वाया जातं असं नाही. मोठ्या सलॉन-साखळीत नोकरी हवी असेल, मॉलमधल्या सौंदर्यप्रसाधनांच्या काउंटरवर उभं राहायचं असेल, पुढेमागे शाळेत किंवा आयटीआयमध्ये शिकवायचं असेल, बँकेकडे व्यवसायासाठी कर्ज मागायचं असेल, तर कागद विचारतात. नवरी मात्र कागद विचारत नाही. ती इन्स्टाग्राम उघडते आणि आपल्यासारख्या रंगाची, आपल्यासारख्या गोल चेहऱ्याची एखादी मुलगी तुम्ही कशी सजवली होती ते शोधते. शूटिंगच्या सेटवर तर पहिला प्रश्नच असतो, ‘आधी कुणाच्या हाताखाली होतीस?’

त्यामुळे कुठल्याही कोर्सला मी एकच माप लावते. शिकणाऱ्याचा हात तिथे किती चेहऱ्यांवरून फिरणार, आणि तो फिरत असताना चूक दाखवणारं कुणी शेजारी उभं असणार का? बाकी वातानुकूलित वर्ग, आरशाभोवतीचे दिवे, शेवटच्या दिवशीचा पदवीदानाचा झगा हे सगळं नंतर.

चेहरेच का, ते सांगते. प्रायमर, करेक्टर, फाउंडेशन, कन्सीलर, पावडर हा क्रम मोबाइलवर बघून आठवडाभरात पाठ होतो. त्यासाठी लाखभर रुपये मोजायची गरज नाही. हात अडतो तो पुढे. विशीतल्या मुलीच्या डोळ्यांखाली सुरेख बसलेलं कन्सीलर नवरीच्या आईच्या डोळ्यांखाली तासाभरात सुरकुतीत जाऊन बसतं, कारण तिथे ते निम्मंच लावायला हवं होतं आणि पावडर त्याहून कमी. मुरुमांवर जाड थर दिला की लाली झाकली जाते, उंचवटा तसाच राहतो, आणि बाजूने आलेल्या उजेडात तो अधिकच दिसतो. डोळ्यांखालचा निळसर-करडा काळोख फिक्या कन्सीलरने थेट झाकायला गेलं तर राखाडी पट्टा उमटतो. तिथे आधी नारिंगीकडे झुकणाऱ्या करेक्टरचा हलका हात लागतो. सिलिका असलेली पांढरी बारीक पावडर आरशात झकास दिसते, आणि फोटोग्राफरचा फ्लॅश पडला की डोळ्यांखाली पांढरे ढग उठतात, कारण ती फ्लॅशचा उजेड परत फेकते. काही सनस्क्रीनमधल्या टायटॅनियम डायऑक्साइडनेही हेच होतं. हे सगळं ऐकून डोक्याला कळतं. हाताला कळायला निरनिराळे चेहरे लागतात.

आणि निरनिराळे म्हणजे खरोखर निरनिराळे. आपल्याकडचे बहुतेक चेहरे गव्हाळ आणि सावळे. त्यातही कुणाच्या त्वचेत पिवळी झाक, कुणाच्या तांबूस, कुणाच्या हिरवटाकडे झुकणारी. एकाच बाटलीतलं फाउंडेशन दोन सख्ख्या बहिणींना चालेल असं नसतं. दोन-तीन छटा मिसळून ती जबड्याच्या कडेला लावून, उन्हात नेऊन बघावी लागते. पण कित्येक वर्गांत सरावाला येणारी मॉडेल गोरी, तरुण आणि नितळ कातडीची असते, कारण तिच्यावर कुणाचंही काम चांगलंच दिसतं. अशा वर्गातून बाहेर पडलेली मुलगी पहिल्या सावळ्या नवरीला दोन छटा उजळ करून ठेवते. मग चेहरा एकीचा आणि मान-हात दुसरीचे. ‘जरा उजळ करा हं’ ही मागणी अजूनही येते, बहुधा नवरीकडून येत नाही, मागे उभ्या असलेल्या एखाद्या काकूंकडून येते. त्या काकूंना न दुखावता नवरीचा स्वतःचा रंग राखायचा आणि त्याला तेज द्यायचं, हे ज्या आर्टिस्टला जमतं तिला मी पैकीच्या पैकी गुण देईन. अकादमीच्या भिंतीवरचे विद्यार्थ्यांच्या कामाचे फोटो बघायला जाल तेव्हा त्यात सावळे चेहरे किती आणि पन्नाशीपुढचे किती, ते पाहा. आणि फोटोवर नंतर मोबाइलमध्ये काही फिरवलेलं नाही ना, तेही पाहा. नाकावरचं एकही रंध्र दिसत नसेल तर तो मेकअप नाही, फिल्टर आहे.

चौकशीला गेलात की मुलीला एक अख्खा वर्ग मागे बसून बघू द्याल का, असं विचारा. नाही म्हणाले तर समजून जा. एका तुकडीत किती विद्यार्थी, डेमो किती दिवस आणि स्वतः करून बघणं किती दिवस, सराव एकमेकींवर की बाहेरून येणाऱ्या माणसांवर, जाहिरातीत ज्यांचा फोटो आहे त्या स्वतः शिकवणार की त्यांची कालची विद्यार्थिनी, ही उत्तरं तोंडी घेऊ नका. लिहून घ्या. ब्रश कधी आणि कशाने धुतात ते डोळ्यांनी बघा. लिपस्टिक थेट ओठांना लावत असतील, एकच मस्काराची कांडी चौघींच्या डोळ्यांना फिरत असेल, तर तिथे बाकी काहीही शिकवत असोत, पाया कच्चा आहे. डोळे येण्यासारखा संसर्ग असाच पसरतो. पॅलेट, स्पॅच्युला, वापरून फेकायच्या कांड्या, आदल्या दिवशी कानामागे केलेली पॅच टेस्ट, पापण्यांच्या गोंदात लॅटेक्स आहे का ही विचारणा, या बारीक गोष्टी ज्या वर्गात अंगवळणी पडतात तिथली मुलगी पुढे लोकांच्या विश्वासाला उतरते. बाजारातून सामान घेताना डबीवर उत्पादकाचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच आणि वापरण्याची मुदत आहे का, हे बघायलाही तिथेच शिकवलं पाहिजे. २०२० च्या कॉस्मेटिक्स रूल्सप्रमाणे हे लेबलवर असावंच लागतं, आणि घाऊक बाजारातल्या ‘फर्स्ट कॉपी’ मालावर नेमकं तेच गायब असतं.

आता थोडं मागे येऊ, कारण क्लास निवडण्याच्याही आधी ठरवायची गोष्ट आहे ती शाखा. नवरीचा मेकअप, मालिका-सिनेमाचा मेकअप, रंगभूमीची रंगभूषा आणि प्रोस्थेटिक्स हे चार वेगळे व्यवसाय आहेत. सामान काही अंशी सारखं, बाकी दिवसाचं वेळापत्रक, शिकण्याची रीत आणि पैशाची चाल सगळं निराळं.

दहातल्या बहुतेक जणी ब्राइडलकडे जातात, आणि ते बरोबरही आहे. तालुक्याच्या गावीसुद्धा काम मिळतं. मात्र आपल्याकडची नवरी सजवणं हे नुसत्या चेहऱ्याचं काम नव्हे. सकाळी मुहूर्ताला नऊवारी किंवा शालू, खोपा किंवा अंबाडा, त्यावर गजरा आणि खोवलेल्या वेण्या, नथ, चंद्रकोर, मुंडावळ्या. संध्याकाळी रिसेप्शनला घागरा किंवा गाऊन आणि सगळा चेहरामोहरा बदललेला. आर्टिस्टने मेकअप, केस आणि साडी तिन्ही करावं अशीच अपेक्षा असते. मेकअपचे सगळे कोर्स झाले पण नऊवारीचा काष्टा घालता येत नाही, अशी मुलगी कोल्हापूर-सांगलीत काय करणार? मुंडावळ्यांची दोरी कपाळावरचा बेस घासून नेते, अक्षतांसोबत हळदीकुंकवाचे कण चेहऱ्यावर उडतात, होमाचा धूर डोळ्यांत जातो आणि काजळ उतरतं. विदर्भात मे महिन्यातलं लग्न पंचेचाळीस अंशांत लागतं आणि कोकणात घाम वाळतच नाही. दिल्लीच्या किंवा परदेशी अभ्यासक्रमात यातलं काही नसतं. ते इथल्याच एखाद्या पार्लरवाल्या ताईंच्या हाताखाली उभं राहून शिकावं लागतं.

ब्राइडलचं उत्पन्न पंचांगाप्रमाणे चालतं, ही गोष्ट पालकांनी आधी ऐकून घ्यावी. तुळशीचं लग्न लागलं की मुहूर्त सुरू होतात, डिसेंबरच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंत धनुर्मासात पुष्कळ घरं थांबतात, मग फेब्रुवारीपासून मे-जूनपर्यंत धावपळ, आणि आषाढी एकादशीपासून चातुर्मास. मध्येच गुरू किंवा शुक्राचा अस्त आला तर ऐन हंगामात मुहूर्त कोरडे. एका दिवशी तीन नवऱ्या आणि नंतर आठवडाभर एकही फोन नाही, असं चालतं. ज्यांना हे ठाऊक असतं त्या श्रावणात मंगळागौरीचे गट, गणपती-नवरात्र, डोहाळजेवणं, शाळा-कॉलेजांची स्नेहसंमेलनं अशी कामं धरून ठेवतात. पहिली दोन-तीन वर्षं ‘महिन्याला किती मिळतात’ हा प्रश्नच चुकीचा. ‘वर्षाला किती हातात राहिले’ असं विचारा, आणि त्यातून सामान, प्रवास आणि मदतनीस मुलीचे पैसे वजा करा.

मालिका-सिनेमाची गोष्ट अगदी वेगळी आहे. इथे नवरीसारखा एक दिवस चेहरा टिकवून भागत नाही. आजच्या दृश्यातला कपाळावरचा ओरखडा पुढच्या आठवड्यात त्याच जागी, तेवढाच, दोन दिवसांनी जुना झालेला दिसला पाहिजे. रोजची शिफ्ट बारा तासांची असते. गोरेगावची चित्रनगरी असो किंवा कोल्हापूर-सातारा-वाईकडची चित्रीकरणं, तिथे प्रवेश मिळतो तो बहुतांशी ओळखीने आणि हाताखाली काम करून. २०२० मध्ये निवर्तलेल्या पंढरीदादा जुकरांसारख्या रंगभूषाकारांची अख्खी पिढी अशीच घडली आणि त्यांनी पुढची पिढी अशीच घडवली. विक्रम गायकवाड यांचं नाव मराठी प्रेक्षकाला निराळं सांगायला नको. ‘बालगंधर्व’ चित्रपटाच्या रंगभूषेसाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मे २०२५ मध्ये ते गेले. त्या चित्रपटातला सुबोध भावे पुन्हा एकदा बघा, या वेळी कथा बाजूला ठेवून फक्त चेहरा बघा. शालू नेसलेली तरुण नायिका आणि थकलेला वृद्ध गायक हे दोन्ही एकाच माणसाच्या चेहऱ्यावर आणण्यात रंगांइतकाच हाडांचा, स्नायूंचा अभ्यास आहे. ज्या मुलाला किंवा मुलीला ते बघून ‘हे कसं केलं असेल?’ असा प्रश्न पडतो, त्याला किंवा तिला ब्राइडलच्या कोर्सला घालू नका.

इथेच मुलग्यांच्या पालकांशी एक शब्द. ‘मुलगा असून मेकअप?’ असं तोंड वाकडं करणाऱ्यांना बहुधा माहीत नसतं की हिंदी सिनेसृष्टीत मेकअप हे दशकानुदशकं पुरुषांचंच काम होतं, आणि तेही सक्तीने. मुंबईतल्या मेकअप व केशरचनाकारांच्या संघटनेत बायकांना केशरचनेचं कार्ड मिळे, मेकअपचं मिळत नसे. चारू खुराना या प्रशिक्षित मेकअप आर्टिस्टने या विरोधात दाद मागितली आणि १० नोव्हेंबर २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा नियम घटनाबाह्य ठरवला. महाराष्ट्रात पाच वर्षं वास्तव्य हवं, ही अटही त्याच निकालात गेली. म्हणजे आज जी मुलगी सेटवर मेकअप करायचं म्हणते, तिच्यासाठी तो दरवाजा उघडून फार दिवस झालेले नाहीत. संघटनेचं कार्ड कसं मिळतं, त्याला किती खर्च येतो, याची चौकशी संघटनेच्या कार्यालयात जाऊन करा. ‘आम्ही कार्ड मिळवून देऊ’ म्हणणाऱ्या क्लासवर विसंबू नका.

रंगभूमीत पैसा कमी आहे हे आधीच कबूल करून टाकते. पण शिकायला इतकी स्वस्त जागा दुसरी नाही. राज्य नाट्य स्पर्धेत रंगभूषेला स्वतंत्र पारितोषिक असतं, आणि हौशी संस्थांना रंगपटात हात लावणारं माणूस नेहमीच हवं असतं. दूरच्या प्रेक्षकाला भाव दिसावा म्हणून रेषा किती ठळक करायची, पिवळ्या आणि निळ्या दिव्याखाली लाल रंगाचं काय होतं, स्पिरिट गमने चिकटवलेली दाढी घामात कशी टिकवायची आणि प्रयोगानंतर कातडी न सोलता कशी काढायची, हे एका स्पर्धेच्या महिन्याभरात जितकं कळतं तितकं कुठल्या वर्गात कळणार नाही. तळकोकणातले दशावतारी कलाकार तर आपला रंग आपणच लावतात. एखाद्या जत्रेच्या रात्री त्यांच्या रंगपटात परवानगी घेऊन बसायला मिळालं तर जरूर बसा. प्रोस्थेटिक्सबद्दल एवढंच सांगते की तो मूर्तिकामाचा भाऊ आहे. चेहऱ्याचा साचा घेणं, मातीत घडवणं, सिलिकॉन ओतणं, कडा विरवून कातडीत मिसळणं असं काम. दहावी-बारावीनंतर शिल्पकलेचं रीतसर शिक्षण घेऊन मग त्याकडे वळणं हा मला सर्वांत भक्कम रस्ता वाटतो.

शाखा थोडीफार ठरली की शिक्षणाचा क्रम. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित वाट म्हणजे आयटीआय. तिथे कॉस्मेटॉलॉजीचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे, दहावी उत्तीर्णांना प्रवेश मिळतो, सरकारी संस्थेत फी खासगीच्या मानाने नगण्य, आणि शेवटी देशभर चालणारं राष्ट्रीय प्रमाणपत्र हातात. पालक नाक मुरडतात, कारण आयटीआय म्हटलं की त्यांच्या डोळ्यांपुढे वेल्डिंग येतं. मुलीही मुरडतात, कारण तिथे रील होत नाही. पण केस, त्वचा, नखं, मेकअप, स्वच्छता असा सगळा पाया वर्षभर रोज हाताखालून जातो, आणि एक वर्ष म्हणजे पुष्कळ चेहरे. उणीव अशी की मेकअप हा त्यातला एक भाग असतो आणि साहित्य अद्ययावत असेलच असं नाही. ती उणीव नंतर भरून काढता येते. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेखालचे काही महिन्यांचे मोफत वर्गही असतात. मात्र केंद्राकेंद्रात फरक फार, तेव्हा तिथेही मागे बसून वर्ग बघण्याचीच कसोटी. झुरिकच्या सिडेस्कोसारख्या, १९४६ पासून चालत आलेल्या आंतरराष्ट्रीय संस्थांच्या पदविका महाग आहेत. क्रूझवर, परदेशी स्पामध्ये किंवा प्रशिक्षक म्हणून काम करायचं असेल तर त्यांना अर्थ आहे. नाशिकच्या नवऱ्या सजवायला नाही. लग्न करून अमेरिकेला जाऊ पाहणाऱ्या मुलींनी मात्र लक्षात ठेवावं की तिथे अनेक राज्यांत या क्षेत्रात कामाला स्थानिक परवाना लागतो आणि इथला कागद जसाच्या तसा चालत नाही.

माझा सल्ला असा असतो. आधी घरातल्या, शेजारच्या, वाड्यातल्या जितक्या बायका बसायला तयार होतील तितक्यांवर मोजक्या सामानाने हात चालवा आणि प्रत्येकीचा उन्हातला साधा फोटो ठेवा. त्यातूनही उत्साह उरला तर आयटीआय किंवा एखादा छोटा, स्वस्त पायाभूत कोर्स. त्यानंतर लग्नाचा एक अख्खा हंगाम एखाद्या चांगल्या आर्टिस्टच्या हाताखाली. महागडा मास्टरक्लास घ्यायचाच असेल तर तो यानंतर, कारण तेव्हाच कळतं की आपलं अडतं कुठे: डोळ्यांत, केसांत, की गिऱ्हाइकाशी बोलण्यात. नेमकं उलटं घडतं ते असं की पहिल्याच महिन्यात सगळी पुंजी मोठ्या अकादमीत जाते आणि हाताखाली काम करायची वेळ आली की ‘मी तर डिप्लोमा केलाय, ब्रश काय धुऊ?’ असं होतं.

हाताखाली काम करण्याची दुसरी बाजूही सांगायला हवी. काही जणी असिस्टंटला वर्षानुवर्षं फुकट राबवतात. पहिली चार-सहा कामं बघण्या-शिकण्यासाठी बिनपैशांची केली तर हरकत नाही, पण प्रवास आणि जेवण त्यांचं असावं, आणि काही आठवड्यांनी नवरीच्या बहिणीचा, करवलीचा मेकअप तुमच्या हातात यायला हवा. येत नसेल तर नमस्कार करून दुसरी जागा शोधा. तुम्ही केलेल्या कामाचा फोटो तुमच्या नावाने टाकता येईल का, हेही आधीच ठरवून घ्या. यावरून या क्षेत्रात जितकी भांडणं होतात तितकी पैशावरूनही होत नाहीत.

पैशांचं म्हणाल तर सर्वांत जास्त सांभाळायची गोष्ट म्हणजे ‘सुलभ हप्ते’. अकादमीच्या टेबलावरच मोबाइलमध्ये अर्ज भरला जातो, वडिलांचं आधार आणि पॅन घेतलं जातं, आणि घरी समज असा असतो की फी हप्त्यांत भरतोय. पुष्कळदा ते एखाद्या वित्त कंपनीचं कर्ज असतं. पूर्ण रक्कम अकादमीला पोचलेली असते. मुलीने दुसऱ्या महिन्यात क्लास सोडला, अगदी अकादमीच बंद पडली, तरी हप्ता चालूच राहतो आणि चुकला तर वडिलांच्या सिबिलवर उमटतो. सही करण्याआधी कर्ज देणारं कोण, व्याज किती, मध्येच सोडल्यास परतावा किती, हे कागदावर मागा. सांगितलेल्या फीवर १८ टक्के जीएसटी वेगळा लागणार आहे का, तेही. ‘किट मोफत’ या शब्दांना भुलू नका, त्याची किंमत फीमध्येच असते. शिवाय मेकअपचं सामान सोन्यासारखं साठवता येत नाही. डबीच्या मागे उघड्या झाकणाच्या चित्रात ६ किंवा १२ असा आकडा असतो. उघडल्यापासून तितके महिने. मस्कारा तर त्याच्याही आत टाकून द्यावा. गिऱ्हाइकं नसताना घेतलेली पस्तीस हजारांची पेटी पहिला हंगाम येईतो अर्धी शिळी झालेली असते. चार फाउंडेशन मिसळून दहा छटा करता आल्या की पेटी आपोआप लहान होते.

स्वतःचं काम सुरू करताना मुद्रा योजनेतून ‘शिशु’ गटात पन्नास हजारांपर्यंत कर्ज मिळू शकतं, पण ते व्यवसायासाठी, क्लासच्या फीसाठी नाही. वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आत असेपर्यंत सेवा देणाऱ्याला सर्वसाधारणपणे जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. तरी पावती पहिल्या दिवसापासून द्या आणि अ‍ॅडव्हान्स घेतल्याशिवाय तारीख अडवून ठेवू नका. लग्न मोडलं, पुढे गेलं, तर काय, हे त्या पावतीवर एका ओळीत लिहिलेलं असावं.

आई-वडिलांच्या खऱ्या काळज्या मात्र फीच्या नसतात. पहाटे तीनला घर सोडायचं, अनोळखी गावातल्या कार्यालयात जायचं, रात्री रिसेप्शन उरकून परतायचं, हे त्यांना झोपू देत नाही, आणि त्यात चूक काही नाही. जोडीने जाणं, प्रवासाची गाडी गिऱ्हाइकाच्या खर्चात आणि ओळखीची ठेवणं, कार्यालयाचा पत्ता आणि नवरीच्या घरच्या एका बाईंचा नंबर घरी देऊन ठेवणं, लांबच्या कामाला आदल्या रात्रीच्या मुक्कामाची सोय आधी ठरवणं, हे पहिल्या कामापासून नेमाने पाळलं तर भांडणं टळतात. दुसरी काळजी शिक्षण सुटेल ही. ते सोडायची गरजच नाही. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून पदवी करत करत हे शिकता येतं. वाणिज्य घेतलं तर हिशेब तरी स्वतःला करता येईल. तिसरी गोष्ट कुणी विचारत नाही म्हणून मीच सांगते: पाठ आणि मनगट. सलग चार-पाच तास वाकून उभं राहायचं हे काम आहे. नवरीची खुर्ची उंच नसेल तर तिशीतच कंबर बोलू लागते. उंच घडीची खुर्ची ब्रशांच्या आधी घ्या.

आणि वेळेचं. आयटीआयचे अर्ज दहावीच्या निकालापाठोपाठ ऑनलाइन निघतात, त्याकडे लक्ष ठेवा. ज्या आर्टिस्टच्या हाताखाली जायचं मनात आहे, तिला आषाढात फोन करा. मुहूर्त थांबलेले असतात, ती घरी असते, पेटीतलं जुनं सामान काढून नवीन भरत असते, आणि नीट बोलते. तुळशीच्या लग्नानंतर केलात तर तुमचा मेसेज ती होळीपर्यंत बघणारही नाही.